टेकचंदचं डावं वळण

कैलाश मिशी काढून न्हाणीतून बाहेर आला आणि त्याच्या आईच्या, गोदावरीबाईंच्या हातातला चहा बशीत सांडला.

"काय केलं रे हे? बाप धडधाकट बसला हाय ना अजून. कोणी मिशी काढते का असं?"

"टीनाले मिशी आवडत नाई म्हणे," कैलाश जमिनीकडे बघत म्हणाला.

"तुले कोणं सांगतलं?"

"तिनंच. फोनवर."

आता यावर काय बोलणार? बाप जिवंत असताना मुलानं मिशी काढायची नसते हे खरं, पण मुलगी आपण होऊन मिशीबद्दल बोलते म्हणजे गाडी पुष्कळ पुढे गेली, हेही खरं. कैलाशची शेती चांगली, धान चांगलं, घरचा ट्रॅक्टर, पोराला सुपारीचंही व्यसन नाही. तरी मुलीकडचे यायचे, चहा प्यायचे, "मुलगा नोकरीवर नाई का?" असं हळूच विचारायचे आणि जायचे ते जायचेच. मग त्यांचे फोन लागत नसत. टीना ही पहिली मुलगी, जिनं शेतकरी मुलाला समजून उमजून हो म्हटलं होतं. आता सगळं अडलं होतं तिच्या बापापाशी, आणि ते बाप, वासुदेवराव, आज लाखांदूरहून घर पाहायला सिहोऱ्याला येणार होते. एस. टी. नं सिहोऱ्याला उतरायचं, तिथून टेकचंदच्या टोल्यावर, बाहेरच्या छोट्या वस्तीवर, यायचं, असं ठरलं होतं.

"शेजारच्या भोजराजभाऊजीची चारचाकी घेऊन जा जी पाहुण्याले आणाले," गोदावरीबाई नवऱ्याला म्हणाल्या. "काच वर-खाली होते तिची."

"दुसऱ्याच्या गाडीत आणलं तर पाहुण्याले वाटीन, याच्या घरी गाडीच नाई," टेकचंद म्हणाला. "आपली गाडी काय मेली हाय का?"

 त्या गाडीबद्दल गोदावरीबाईंना जे काही बोलायचं होतं ते त्यांनी मागेच बोलून संपवलं होतं.

टेकचंदची गाडी म्हणजे एक जुनी फटफटी आणि तिच्या डाव्या अंगाला जोडलेली साइडकार. गुडघे कुरकुरायला लागले, लाल दिव्यापाशी पाय टेकवायचा म्हटलं की कळ निघायची, म्हणून टेकचंदनं नागपूरच्या एका मिस्त्रीकडून हे तिसरं चाक जोडून घेतलं. टोल्यावर तिला साइडकार कोणी म्हणत नाही. डब्बा म्हणतात. मिस्त्रीनं गाडी हातात देताना बजावलं होतं, "काकाजी, उजवीकडे कशीबी वळवा. पण डावीकडे वळताना डब्बा रिकामा असला तर चाक उचलते. डब्ब्यात वजन ठेवत जा." वजन म्हणून बायकोला बसवावं, असं टेकचंद एकदा चारचौघांत बोलून गेला. त्यानंतर दोन दिवस त्याला जेवणात नुसतं वरण मिळालं. तेव्हापासून डब्ब्यात धानाचा एक कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, बसायचा. तो कट्टा तुमसरच्या बाजारात गेला, लग्नाकार्यात गेला, तहसीलला जाऊन आला. एका लग्नात वाढप्यानं त्याच्यापुढे पत्रावळ मांडली होती असं भोजराज सांगतो, पण भोजराजचं सगळंच खरं मानायचं नसतं.

"बरं, गाडी न्याचीच हाय तं तो कट्टा तरी कामाले लावा," गोदावरीबाई म्हणाल्या. "पाहुण्याले चिवडा कराचा हाय. भट्टीवर तेवढं धान द्या अन् मुरमुरे आणा. नाई तं त्या कट्ट्याले आता कोंब फुटतीन."

म्हणून टेकचंद सकाळीच सिहोऱ्याच्या मुरमुऱ्याच्या भट्टीवर गेला. भट्टीवाल्यानं धान ओतून घेतलं, त्याच पोत्यात गळ्यापर्यंत मुरमुरे भरले, तोंड सुतळीनं शिवलं आणि पोतं डब्ब्यात होतं तसं बसवून दिलं. उरलेले मुरमुरे मागून न्या म्हणाला. तेवढ्यात टेकचंदचा फोन वाजला.

"मी वासुदेवराव बोलून राह्यलो. उतरलो जी सिहोऱ्याले."

"आत्ता? तुम्ही तं दुपारच्या गाडीनं येनार होते न?"

"सांगतल्या वेळेच्या आधी गेलं का घर जसं असते तसं दिसते," वासुदेवराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

 घाईघाईत टेकचंदनं गाडी सुरू केली. निघताना सवयीप्रमाणे डावीकडे नजर टाकली. पोतं जागेवर होतं आणि गळ्यापर्यंत भरलेलं होतं. ज्या माणसाचा जन्म भरलेली पोती मोजण्यात गेला, त्याला भरलेलं पोतं दिसलं की वजन आहेच असं वाटतं. त्यात मुरमुरे आहेत हे टेकचंदला पक्कं ठाऊक होतं. पण ते पोतं लहान पोरानंही एका हातानं उचललं असतं, हा विचार काही त्याच्या डोक्यात आला नाही.

वासुदेवराव थांब्यावर उभे होते. काटकुळे, काखेत छत्री, पायांत मोजे. लाखांदूरला त्यांचं बियाण्यांचं दुकान होतं, आणि माणसाकडेही ते बियाणं उगवेल की नाही अशाच नजरेनं बघायचे. त्यांनी गाडीला एक फेरी मारली.

"याच्यात बसाचं का?" डब्ब्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं.

"तथी पोतं हाय जी. तुम्ही मागं बसा."

"तीन चाकं काहून?"

"पडत नाई जी तीन चाकाची गाडी. एकदम भरोशाची."

वासुदेवराव मागे बसले. रस्ता सरळ होता, हवा छान होती, दोन्ही बाजूंना धान कापलेल्या बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांमध्ये, लाखोरीची डाळ हिरवीगार झाली होती. टेकचंदला वाटलं, आता पाहुणा पिकाबद्दल काही विचारेल. पाहुण्यानं विचारलं, "घरात मानसं किती?"

"तिघं. मी, मालकीण अन् कैलाश."

"भाऊबंद?"

"एक भाऊ हाय. चिखल्याच्या खाणीत नोकरीले लागला तं तिकडचाच झाला."

"म्हणजे हाकेले कोणी नाई." वासुदेवरावांनी काखेतली छत्री सावरली. "आमचं घर भरलेलं हाय जी. माही पोट्टी मानसायत वाढली. तिघायच्या घरात एकाले ताप आला, एक औषध आणाले गेला, तं घरात उरलं कोण?"

 शेताचं, घराचं, ट्रॅक्टरचं उत्तर टेकचंदनं रात्रभर घोकलं होतं. माणसांचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. सोयरीक आता रस्त्यातच मोडते की काय, या धास्तीनं काहीतरी बोलावं म्हणून त्यानं मान मागे वळवली, "तसं नाई जी, आमच्या टोल्यावर..." आणि तेवढ्यात वळण आलं.

हे वळण मसणवट्यापाशी आहे. डाव्या हाताला मसणवटा, वळल्यावर उजव्या हाताला पाण्यानं भरलेली बोडी, आणि मधून टोल्याचा रस्ता. टेकचंदनं आहे त्या वेगात हँडल डावीकडे घेतलं. गाडी वळली. डब्बा मात्र वळायच्या ऐवजी उठला. आधी हलका झाला, मग जमीन सोडली, आणि मग तिसरं चाक हवेत एकटंच गरगर फिरत राहिलं.

"टेकचंदजी," मागून अगदी शांत आवाज आला, "हे असंच असते का?"

"नाई जी."

"मग?"

"पाहून राह्यलो."

मिस्त्रीनं यावरही उपाय सांगितला होता. चाक उचललं तर हँडल उजवीकडे द्यायचं, डब्बा आपोआप खाली येतो. पण उजवीकडे बोडी होती आणि टेकचंदला पोहता येत नव्हतं. वेग कमी करावा, तर मूठ जिथं आवळली होती तिथून सुटायला तयार नव्हती. डोकं सांगत होतं आणि हात ऐकत नव्हता. तशीच ती गाडी दोन चाकांवर तोल सावरत, डब्बा वर धरून, टोल्याच्या रस्त्यानं निघाली. पोतं कलंडून टेकचंदच्या मांडीवर आलं, सुतळीचं टोक पायदानात अडकलं आणि शिवण उसवत गेली. मुरमुऱ्यांची धार लागली.

"वजन कोणत्या बाजूले कमी पडून राह्यलं?" वासुदेवरावांनी विचारलं.

"डाव्या."

"मग आधी सांगाचं न."

आणि त्या काटकुळ्या माणसानं छत्री काखेत घट्ट दाबली, एक पाय उचलून डब्ब्याच्या कडेवर ठेवला, दुसरा पाय उचलला आणि चालत्या गाडीवरून हवेतल्या डब्ब्यात जाऊन बसला. डब्बा धपकन खाली आला. त्या हिसक्यानं हँडल फिरलं, पुढचं चाक टेकचंदच्याच दारापुढच्या नालीत गेलं, आणि चाकाच्याही पुढे टेकचंद गेला. वासुदेवराव डब्ब्यात कमरेपर्यंत मुरमुऱ्यांत बसून राहिले. त्यांना खरचटलंसुद्धा नाही.

नालीतून उठलेला टेकचंद पाहून गोदावरीबाईंनी त्याच्या हातात दुपट्टा दिला. त्याचं दुःख त्यांना कळत होतं. वासुदेवरावांना सपरीत, पुढच्या पडवीत, खाटेवर बसवलं, पाणी दिलं. ते पाणी प्यायले आणि छत्री मांडीवर ठेवून बसले. चिखलानं माखलेला टेकचंद बाजूच्या बोळातून मागच्या न्हाणीत शिरला. कैलाश दाराच्या पायरीवर जाऊन डोकं धरून बसला. टीनाला काय सांगायचं, हे त्याला सुचत नव्हतं.

एवढ्यावर हे प्रकरण मिटलं असतं. एक सोयरीक मोडली असती, टोल्यावर चार दिवस हसणं झालं असतं. पण रस्त्यावर मुरमुरे पडले होते, आणि त्या भागात रस्त्यावर मुरमुरे एकाच कारणानं पडतात. मयत नेताना घरापासून मसणवट्यापर्यंत मुरमुरे उधळत नेतात.

भोजराज शेतातून परत येत होता. पांढरी रेघ पाहून तो थबकला. टोल्यावरची मयत, आणि आपल्याला पत्ता नाही? बरोबरच्या माणसांना घेऊन तो तसाच मसणवट्याकडे पळाला. तिथं कोणीच नव्हतं, सरण नाही, धूर नाही. मग पुरून मोकळे झाले की काय, असं म्हणत सगळे त्या रेघेच्या मागे मागे उलटे निघाले. रेघ कोणाच्याच दारात थांबेना, आणि जिथं थांबली ते दार टेकचंदचं होतं. गाडी नालीत तोंड खुपसून पडलेली. पायरीवर कैलाश, डोकं हातात, मिशी काढलेली.

 अशा वेळी दारात उभं राहून कोण गेलं म्हणून कोणी विचारत नाही. भोजराजनं कैलाशच्या पाठीवर हात ठेवला.

"कसं झालं रे बाबू?"

"डावीकडे वळताना चाक उचललं, काका," कैलाश म्हणाला.

भोजराज मटकन खाली बसला. बातमी घरोघर पोचायला वेळ लागला नाही. लाखोरीची भाजी खुडणाऱ्या बायांनी हातातलं तसंच टाकलं. सगळ्यांत आधी देवकाबाई आल्या, शेजारच्याच. त्या थेट चुलीपाशी गेल्या आणि गोदावरीबाईंच्या गळ्यात पडून त्यांनी गळा काढला. कोणी असं गळ्यात पडून रडलं तर आधी आपणही रडायचं आणि कोण गेलं ते मग विचारायचं, ही तिकडची रीत. गोदावरीबाईंना वाटलं, देवकाबाईंच्या माहेरचं कोणी गेलं. त्याही मनापासून रडल्या. सोयरिकीचं रडू आलेलंच होतं, ते त्यात मिसळलं. मागून आलेल्या बायांनी गोदावरीबाईंना रडताना पाहिलं आणि मग कोणालाच शंका उरली नाही.

न्हाणीत टेकचंदनं डोक्यावर पहिला तांब्या ओतला आणि घरातून आक्रोश ऐकला. तांब्या हातातच राहिला. मेला, तो मनात म्हणाला. पाहुणा मेला. हबक्यानं गेला बिचारा, आपल्या गाडीवर बसला म्हणून गेला. आता टीनाच्या घरी कोण सांगणार, आणि काय सांगणार? ओल्या अंगानं तो दाराच्या फटीला कान लावून उभा राहिला. बाहेर जायची छाती होईना.

"देवमानूस होता गा," अंगणातून कोणीतरी म्हणालं.

होता खरा, टेकचंदला वाटलं. एका भेटीत लोकांनी किती ओळखलं त्यांना.

"माहा पाय मोडला तेव्हा माह्या धानाची सगळी रोवणी त्यानं करून देली," हा भोजराजचा आवाज होता. "मी हात जोडाले गेलो. तं म्हणते, तुह्या रिकाम्या बांधीतले बेडकं रातभर ओरडतात, मले झोप नाई लागत, म्हणून केली."

टेकचंद विचारात पडला. लाखांदूरच्या वासुदेवरावांनी भोजराजची रोवणी कधी केली? मग त्याला आठवलं, बेडकांचं ते आपण म्हटलं होतं.

"माह्या गुड्डीच्या लग्नात पाणी भराले सकाळपासून उभा होता," देवकाबाई रडता रडता म्हणाल्या. "सख्खा भाऊ नाई आला, हा आला."

"गाडी तेवढी चालवता येत नोहोती," आणखी कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी त्याला दुजोरा दिला.

टेकचंद न्हाणीतल्या दगडावर बसला. त्याला भीती वाटायला हवी होती, पण त्याचे डोळे भरून आले. आपल्याबद्दल लोक असं बोलतात हे त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. आणखी थोडं ऐकावं असं त्याला वाटलं, आणि त्यानं ते ऐकलंही.

बाहेर मात्र भोजराजचं दुःख आता रागावर गेलं होतं. "पण कैलाश, एक गोष्ट मले लागली. आमाले खांदा द्याले बी नाई बोलावलं? परस्पर नेलं? इतके परके झालो का आम्ही?"

"कोणाले खांदा, काका?" कैलाशनं मान वर केली.

त्याच वेळी आत गोदावरीबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि रिवाजाप्रमाणे देवकाबाईंना विचारलं, "पण गेलं कोण वं?"

घरात आणि अंगणात एकदम शांत झालं. त्या शांततेत न्हाणीचं दार करकरलं आणि टेकचंद घरातून होऊन अंगणात आला. अंगावर ओला दुपट्टा, केसांत अजून मुरमुरे. एक-दोन बाया किंचाळल्या. देवकाबाई भिंतीला टेकल्या. भोजराज उठला, टेकचंदपाशी गेला, त्याचं मनगट धरून पाहिलं, मग दंड दाबून पाहिला.

"मेला नाईस तं सांगता येत नाई का तुले?"

"कोणी विचारलं का मले?"

"मसणवट्यापर्यंत धावत गेलो मी. चप्पल तथीच राह्यली माही." भोजराजनं त्याला आणखी जे जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. बोलता बोलताच त्यानं टेकचंदला भर अंगणात मिठी मारली आणि हमसून हमसून रडायला लागला. मेला समजून जितका रडला नव्हता तितका जिवंत पाहून रडला. मग बाकीचेही पुढे झाले. कोणी पाठीत धपाटा घातला, कोणी केसांतले मुरमुरे झटकले. देवकाबाई रडत होत्या आणि हसतही होत्या.

या गर्दीतून टेकचंदची नजर सपरीकडे गेली. वासुदेवराव खाटेवर तसेच बसले होते, मांडीवर छत्री आडवी ठेवून. त्यांना दूरचा सोयरा समजून कोणीतरी त्यांच्या हातात पाण्याचा दुसरा पेला दिला होता. टेकचंद ओशाळून त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"तुमाले तं मालूम होतं न जी, मी न्हाणीत हावो म्हणून. सांगाचं होतं लोकायले."

"सांगनारच होतो," वासुदेवराव म्हणाले. "मग म्हटलं, थांबावं थोडं. पोरीच्या बापाले असं घर पाहाले कोठी भेटते?"

"मेल्या मानसाले काय जी, सगळेच चांगलं म्हणतात," टेकचंद खाली मान घालून म्हणाला.

"ते मी बी म्हणतो. त्याचं मी काहीच धरलं नाई. तुम्ही बाहेर आले तेव्हाची तोंडं पाहिली मी सगळ्यायची."

 तेवढ्यात वासुदेवरावांचा फोन वाजला. लाखांदूरहून त्यांच्या घरून होता. सपरीत, अंगणात, चुलीपाशी, सगळ्यांचे कान तिकडे लागले. कैलाश पायरीवरून उठून उभा राहिला. गोदावरीबाईंनी देवकाबाईंचा हात घट्ट धरला.

"हव, पोचलो," वासुदेवराव फोनवर म्हणाले. "नाई, घर पाहाचं राह्यलंच. ... मानसं? मानसं खूप हायेत वं, अंगणात बसाले जागा नाई. ... काहून म्हणजे? मयतीले आले हायेत सगळे. ... घाबरू नोको, टीनाले बी सांग घाबरू नोको म्हणा. आपले व्याहीच वारले होते. आता बरे हायेत."

टेकचंदच्या कानात त्यातला 'व्याही' तेवढा शिरला. तो भोजराजच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडू लागला, आणि ते पाहून पलीकडच्या गावाहून नुकतीच येऊन पोचलेली माणसं दारातच चपला काढून, खाली मान घालून अंगणात गुपचूप बसली.